खापर कोणाचे?

मराठीत 'मनातले मांडे' खाणाऱ्या माणसाची थट्टा होते. शेजारच्या कन्नडातही मनातल्या मनात मंडिगे खाण्याचा वाक्प्रचार रूढ आहे. स्वप्नरंजनासाठी दोन भाषांना एकच पक्वान्न सुचावे, याचा अर्थ एवढाच की ते दोन्ही प्रांतांत थोरामोठ्यांच्या पंगतीचे होते, आणि सामान्याच्या वाट्यास ते बहुधा मनातच येत असे. खानदेशात पुरणाचे मांडे आहेत. बेळगावात साखर-खव्याचे, कागदासारखे पातळ मांडे आहेत. आम्हां कोंकणी घरांतून लग्नकार्याला साखर-तीळ घालून घडी केलेले कुरकुरीत मांडे होतात. आणि तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मैद्याचा, रुमालासारखा मोठा मांडा आहे. नाव एक आणि घरे अनेक, असे झाले म्हणजे मनुष्यस्वभावाला अनुसरून प्रश्न उपस्थित होतो : हा पदार्थ मूळचा कोणाचा?

हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो एका सभेत, आणि त्या सभेतील आमचे वर्तन आम्हांस आजही भूषणावह वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका देवस्थानाच्या वार्षिक उत्सवात अन्नपरंपरांचे लहानसे प्रदर्शन भरवावे असे ठरत होते. पातोळ्या, खापरावरची पुरणपोळी, असे एकेक नाव निघत होते. एका तरुण सभासदाने सुचविले की, बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून मांडे भाजणारा एखादा कारागीर बोलवावा. लोकांना हाताची करामत पाहावयास मिळेल. तिथले हे कारागीर बहुधा मुसलमान असतात, हे त्याने प्रांजळपणे सांगितले. सभेत काही क्षण कोणी बोलेना. मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मांडे आपले, ज्ञानदेवांच्या काळापासूनचे. ते दुसऱ्याने येऊन आपणांस काय दाखवावे?" अध्यक्षांनी कायद्याचे मत म्हणून आमच्याकडे पाहिले. आम्ही नियमावली चाळली आणि 'नियमांत तशी तरतूद नाही' असे सांगून मोकळे झालो. ते खरेच होते. नियमांत तशी मनाईही नव्हती, हेही तितकेच खरे होते. ते मात्र आम्ही सांगितले नाही.

पुढे कामानिमित्त बऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही मुद्दाम इतवाऱ्यात गेलो. बुधवारा, शनवारा, इतवारा ही बाजाराच्या वारांवरून पडलेली नावे; त्यांवरूनच हे शहर देवघेवीवर वाढलेले आहे हे कळते. फारुकी सुलतानांनी ते वसविले व सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. १६०१ मध्ये असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला आणि बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या स्वारीचे मुख्य ठाणे बनले. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच निवर्तली. मिर्झाराजे जयसिंगांनी १६६७ मध्ये इथेच देह ठेवला. अशा शहरात अन्नाच्या किती तऱ्हा एकमेकींना भेटल्या असतील, याची कल्पनाच करावी.

इतवाऱ्यात एका लग्नघराच्या मागे आम्ही मांडा होताना पाहिला. मैद्याची सैल, पुष्कळ वेळ मळलेली कणीक. तिचा एक गोळा कारागीर दोन्ही हातांवर घेतो आणि या हातावरून त्या हातावर झेलीत जातो. प्रत्येक झेलीसरशी तो गोळा स्वतःच्याच वजनाने रुंदावतो. वीतभराचा हातभर होतो, पुढे हातांवर मावेनासा होतो, आणि तरीही कुठे फाटत नाही. मग तो लाकडाच्या जाळावर पालथ्या ठेवलेल्या मोठ्या तापल्या भांड्यावर अलगद पसरला जातो. काही क्षणांत त्यावर तांबूस ठिपके उमटतात, आणि धुतल्या वस्त्राची घडी घालावी तशी त्याची घडी पडते. लाटणे नाही, पोळपाट नाही. सारे कसब मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातात.

ते पाहताना आम्हांस जळगावकडील एका अशिलाच्या घरची आखाजी आठवली. अक्षय्य तृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांना घागर भरून, आमरसाबरोबर खापराची पुरणपोळी वाढतात. तीच मोठी झाली की तिला मांडा म्हणतात. त्या घरची वृद्ध गृहिणी चुलीपुढे बसली होती. पुरण भरलेला उंडा तिने थोडा थापला आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवू लागली. तो तिच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत पसरला, आणि पालथ्या मातीच्या खापरावर गेला. एकीकडे पुरण, दुसरीकडे निव्वळ मैदा. एकीकडे पितरांचे पान, दुसरीकडे निकाहाची पंगत. परंतु हातांची चाल तीच, पालथे भांडे तेच आणि नावही तेच. मग आमच्या सभेतील त्या वृद्ध गृहस्थांचा 'आपले' हा शब्द नक्की कशास लागू होतो?

प्रथम इतिहासाची साक्ष काढू. बऱ्हाणपुरात सांगतात की, मोगलांच्या अफाट फौजेला थोड्या वेळात पुष्कळ रोट्या पुरविण्यासाठी ही मोठी रोटी निघाली. आमच्याकडे ज्ञानदेवांचा आधार देतात. दोन्ही पक्षांचा दावा प्राचीनत्वाचा आहे, आणि तिसराच एक साक्षीदार त्या दोघांच्याही आधी उभा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गव्हाच्या पिठाच्या 'मंडका'ची कृती आहे, आणि तो भाजण्यासाठी खापरही आहे. तेव्हा ज्ञानदेवांच्या जन्मास जवळजवळ दीड शतक अवकाश होता, आणि बऱ्हाणपूर शहर अस्तित्वातच नव्हते. म्हणजे नाव व खापर हे या भूमीचे जुने धन. त्यावर फौजेच्या व सुलतानांच्या शहरात मैद्याची निराळी तऱ्हा बसली असावी, असे आमचे अनुमान आहे. पण त्या चालुक्य राजानेही मंडक शोधून काढला असे नव्हे. त्याने तो आपल्या पाकशाळेत पाहिला आणि लिहून ठेवला. त्याच्या आचाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

अन्नाच्या मुळाचा शोध घेत गेल्यास तो बहुतेक असाच एखाद्या अनामिक हातापाशी येऊन थांबतो. इटलीतील नेपल्स शहरचा पिझ्झा घ्या. १८८९ मध्ये राणी मार्गेरीता तिथे आली असता राफाएले एस्पोसितो नावाच्या भटारखानेवाल्याने टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीचा पाला घालून तिच्यासाठी पिझ्झा केला आणि त्यास तिचे नाव पडले, अशी कथा सांगतात. अलीकडच्या अभ्यासकांनी या कथेच्या आधाराविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत. आणि तसल्याच पिझ्झ्याचे वर्णन त्यापूर्वीच्या दशकांतही सापडते. शिवाय ज्या टोमॅटोवाचून तो पिझ्झा ओळखू येत नाही, तो टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. पुढे हाच पिझ्झा इटालियन लोकांबरोबर अमेरिकेस गेला, आणि मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात १९४६ च्या सुमारास एका खानावळीत चौकोनी लोखंडी पत्र्यांत भाजला जाऊ लागला. ते पत्रे मोटार-कारखान्यांतील सुटे भाग ठेवण्याचे होते, असे सांगतात. जाड बूड आणि कडेला खरपूस झालेले चीज, ही त्या शहराची ओळख त्या पत्र्यांनी दिली. जसे बऱ्हाणपूरच्या मांड्याला पालथे भांडे, तसा डेट्रॉइटच्या पिझ्झ्याला कारखान्याचा पत्रा. प्रांताची तऱ्हा जन्मते ती अशी : मूळ कोठले तरी दूरचे, आणि हाताशी जे भांडे, जे सरपण, जे पीठ असेल त्याने त्यास दिलेले नवे रूप.

आणि दूर इटलीत तरी कशास जावे? आमच्या एकादशीच्या फराळाकडेच पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची — ही चारही मूळची अमेरिका खंडाची. ती समुद्रमार्गाने आली. आणि समुद्रावरच्या या येण्याजाण्यात गोव्याच्या बंदराचा वाटा कोंकणी माणसास सांगावयास नको. ज्या फराळाला आम्ही उपासाचे म्हणून पावित्र्य दिले, त्यातील बहुतेक जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी पाहिलेलेही नव्हते. म्हणून काय ते अपवित्र झाले? मुळीच नाही. पावित्र्य पदार्थाच्या जन्मस्थानावर अवलंबून नसून, तो ज्या भावनेने व ज्या आचाराने सिद्ध केला जातो तीवर अवलंबून आहे, असेच आमच्या आजीमाजी पिढ्यांनी आपल्या वागण्याने सांगितले आहे.

येथे कायद्याचा विचार करणे आम्हांस प्राप्त आहे, कारण आजकाल 'मूळ कोणाचे' हा वाद कायद्याच्या दारात जातो. आपल्या संसदेने १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशनांचा कायदा केला, आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. योगायोग असा की, बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा त्याच्या बरोबर एक महिना आधी, १५ ऑगस्ट २००३ रोजी अस्तित्वात आला. या कायद्याखाली जळगावच्या केळ्याला व भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये नोंदणी मिळाली. रसगुल्ल्यावरून बंगाल व ओडिशा यांच्यात मोठा कलह झाला. शेवटी २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याची आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याची, अशी दोहोंचीही नोंद झाली. पुष्कळांना हा निकाल हास्यास्पद वाटला. आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो. मूळ पुरुष कोण, याचा निवाडा देण्यापेक्षा, या या गावी ही ही तऱ्हा अशी अशी होते, एवढेच तो सांगतो.

या कायद्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, नुसत्या जातिवाचक, सर्वसामान्य नावाची नोंद होत नाही. म्हणजे 'बऱ्हाणपुरी मांडा' असा दावा एखादे वेळी करता येईल, पण 'मांडा' हा शब्द कोणास आपल्या कुंपणात घेता येणार नाही. दुसरी याहून महत्त्वाची. हे निर्देशन ज्याच्या नावे नोंदले जाते त्यास ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कोणाच्या नावे करून देता येत नाही. जी वस्तू विकता येत नाही ती खऱ्या अर्थाने मालकीची नव्हे. ती सांभाळण्यासाठी सोपविलेली असते. युरोपातही असाच विवेक दिसतो. नेपल्सच्या पिझ्झ्यास २०१० मध्ये जे संरक्षण मिळाले ते गावाला नसून कृतीला आहे; विहित रीतीने करील त्या कोणासही तो करण्याची मोकळीक आहे. आणि युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून नोंदविले ते पिझ्झा या पदार्थास नव्हे, तर तो करणाऱ्या नेपल्सच्या कारागिरांच्या कलेस. म्हणजे अखेर मान मिळाला तो हातांना.

आमच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. देवस्थानाच्या मिळकतीविषयी आपला कायदा हेच सांगत आला आहे. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका बंगाली कुटुंबाच्या मूर्तीच्या दाव्यात स्पष्ट केले. मिळकत देवाची, पुजारी, महाजन, विश्वस्त हे तिचे वहिवाटदार. त्यांना पूजेचा अधिकार असतो, मान असतो, नैवेद्याचा वाटाही असतो. परंतु देव आमचा म्हणून तो दुसऱ्याचा नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार नसतो. परंपरेने आलेले अन्न हेही असेच आहे. खानदेशची गृहिणी त्याची वहिवाटदार; बेळगावचा हलवाई वहिवाटदार; आमच्या घरातील वृद्ध मावश्या वहिवाटदार; आणि इतवाऱ्यातील तो कारागीरही वहिवाटदारच. वहिवाटीचा पुरावा एकच : अजून हात चालतो की नाही. ज्याच्या घरी मांडे होत नाहीत, ज्याला खापर कसे तापवावे हे ठाऊक नाही, त्याने केवळ 'मांडे आमचे' असे सभेत म्हणावे, हा पूजा न करता वतनावर हक्क सांगण्यासारखा प्रकार होय. आमचे स्वतःचे हात मांडा पेलू शकत नाहीत, हे येथे कबूल केले पाहिजे.

यावर काही वाचक विचारतील की, मग आचार-विचाराला काही अर्थच नाही का? सोवळ्याचा नैवेद्य कोणी करावा, हेही आता कोणास विचारू नये का? आमचे म्हणणे तसे नाही. गर्भगृहातील नैवेद्य कोणी व कसा सिद्ध करावा, हा त्या त्या देवस्थानाच्या आचाराचा भाग आहे. त्याचा विचार त्या मर्यादेतच व्हावा. परंतु ज्या सभेची गोष्ट आम्ही सांगितली तीत प्रश्न नैवेद्याचा नव्हताच. प्रश्न मंडपात, सर्वांच्या देखत, एका माणसाने आपले कसब दाखविण्याचा होता. आम्ही मालकीचा प्रश्न पुढे करून पाहुणचाराचा प्रश्न टाळला. 'हे मूळचे आमचे' हे वाक्य इतिहासाचे दिसते. पण ते बहुतेक वेळा 'तुम्ही येथे नको' या वाक्याचा सभ्य अनुवाद असते. कित्येक वेळा खुद्द बोलणाऱ्यासही त्याची जाणीव नसते.

उलट बाजूही तितक्याच निष्पक्षपणे पाहिली पाहिजे. सगळे सर्वांचे, असे म्हणून कारागिराचे नाव पुसून टाकणे हाही अन्यायच. उद्या एखाद्या मोठ्या भांडवलदाराने यंत्रावर पातळ रोट्या काढून त्यांवर 'बऱ्हाणपुरी मांडे' असा छाप मारला, तर इतवाऱ्यातील त्या माणसाने तक्रार करावी आणि कायद्याने ती ऐकावी, हे न्याय्य होईल. स्वतःच्या श्रमाचे नाव राखणे निराळे, आणि दुसऱ्यास करूच न देणे निराळे. पहिले स्वाभिमानाचे आहे. दुसरे मत्सराचे आहे. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आमच्याच संतकथेत आहे, आणि ती कथा मांड्यांचीच आहे.

वाचकांना ती ठाऊक आहे. मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते आणि घरात खापर नव्हते. त्या कुंभारवाड्यात गेल्या. परंतु विसोबा चाटी यांनी संन्याशाच्या मुलांना खापर देऊ नये, असे कुंभारांना बजावले होते. मुक्ताबाई रिकाम्या हाताने परतल्या. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापविली आणि तिच्यावर मुक्ताबाईंनी मांडे भाजले. लहानपणापासून आम्ही ही कथा चमत्कारासाठी ऐकत आलो. आमच्या सभेतील त्या गृहस्थांनीही ज्ञानदेवांचे नाव घेतले ते याच कथेच्या आधारावर. पण कथेतील दोष कोणाचा, हे आपण किती वेळा लक्षात घेतले? मांडे कोणी करावेत आणि कोणी करू नयेत, हे ठरविण्याचा अधिकार ज्याने आपल्याकडे घेतला त्याचा. मुक्ताबाईंना नाकारले गेले ते धन नव्हते, मान नव्हता. मातीचे एक भांडे होते. परंपरा पुढे सांगते की, तो चमत्कार पाहून विसोबांना पश्चात्ताप झाला, आणि तेच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले. खापर नाकारणाऱ्यालाही या परंपरेने आपल्याबाहेर टाकले नाही, हे तिचे मोठेपण. पण त्याला आधी आपली चूक ओळखावी लागली.

मुक्ताबाई १२९७ मध्ये याच तापीकाठी, मेहूणच्या परिसरात, विजेच्या लखलखाटात अदृश्य झाल्या असे सांगतात. ते स्थळ बऱ्हाणपूरहून फार दूर नाही. इतवाऱ्याजवळून वाहत गेलेले पाणीच पुढे तिथे पोहोचते. त्याच शहरातील जामा मशिदीत, फारुकी राजाने १५९० च्या सुमारास कोरविलेला एक संस्कृत लेख आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरणाऱ्या त्या शहराला, मांडा कोणाचा हा प्रश्न कदाचित पडलाच नसेल.

त्या सभेत आम्ही काय सांगावयास हवे होते, ते आता आम्हांस स्पष्ट दिसते. नियमांत तरतूद नाही, तशी मनाईही नाही. म्हणून निर्णय नियमांचा नसून आपला आहे. आणि ज्ञानदेवांचे नाव घेऊन हा निर्णय करावयाचा असेल, तर त्या कथेत आपण कोणाच्या बाजूस उभे आहोत हे आधी पाहावे. एवढे बोलण्यास दोन मिनिटे पुरली असती. ती दोन मिनिटे आम्ही वाचविली आणि त्या तरुणाच्या सूचनेचे खापर त्याच्याच माथी फुटू दिले.

उत्सवाची सभा यंदाही व्हायची आहे. या वेळी हा विषय आम्ही स्वतः मांडणार आहोत. चुलीच्या एका बाजूस खानदेशातील एखादी गृहिणी असावी, दुसऱ्या बाजूस इतवाऱ्यातील कारागीर, आणि आमच्या कोंकणी घरांतील जी वृद्ध माणसे अजून मांडे करू शकतात त्यांनाही बोलवावे, अशी आमची सूचना राहील. ती मान्य होईलच असे नाही. परंतु नियमांच्या आड मात्र आम्ही पुन्हा लपणार नाही.